पुतळीबायचा हातगुण

कोंबडीच्या डोळ्यात औषधाचा एक थेंब टाकायचा आणि तिने डोळा मिटेपर्यंत तिला सोडायचं नाही, एवढंच पुतळीबायचं काम. ऐकायला सोपं आहे. पण शेडमध्ये हजार-बाराशे कोंबड्या असल्या की तेच काम बाराशे वेळा करावं लागतं, आणि त्या बाराशेंतली एकही आपणहून पुढे येत नाही. डाव्या हाताने पंख आवळायचे, बोटाने मान वळवायची, उजव्या हातातली बाटली डोळ्यावर उलटी धरायची. थेंब पडला, पापणी हलली, की सोडायची. घाईने सोडली तर कोंबडी मान झटकते आणि थेंब खालच्या भुशात जातो. म्हणजे ती कोंबडी कोरी राहिली. पुतळीबायच्या हातून कोंबडी कोरी राहत नाही, असं पेणपासून रोह्यापर्यंत सगळे कोंबडीवाले म्हणत.

हे नाव कमवायला तिला पंधरा वर्षं लागली, आणि त्या पंधरा वर्षांत तिची कंबर कामातून गेली. लोकांना नाव दिसतं, कंबर दिसत नाही.

ती मूळची पेणच्या खारेपाटातली. बाप मिठागरावर, आई मिठागरावर, आणि लग्न झालं तो गुणाजीही मिठागरावरच. लहानपणापासून उन्हात मीठ ओढून तिच्या तळव्यांना पडलेल्या चिरा कधी बुजल्याच नाहीत. पुढे मालकाने मिठागर सोडून दिलं, बांध फुटले, भरतीचं पाणी आत शिरलं आणि जिथे मीठ पिकत होतं तिथे चिखल आणि चिखलातले निवटे मासे उरले. गुणाजीला भाताच्या गिरणीवर राखणदारी मिळाली. पुतळी वडखळजवळच्या एका मोठ्या पोल्ट्रीवर कोंबड्या धरायला जाऊ लागली. लस टोचणारा, थेंब टाकणारा माणूस वेगळा. हिने नुसत्या धरून द्यायच्या. एके दिवशी तो माणूस आला नाही. बर्फात ठेवलेलं औषध दुपारपर्यंत वाया जाणार म्हणून मुकादमाने बाटली हिच्या हातात दिली. संध्याकाळी तो म्हणाला, "बाय, तुझा हात हलका हाय." तेवढ्यावर तिचा जन्म ठरला.

त्याच मुकादमाकडून तिने आणखी एक गोष्ट उचलली. मानमोडी या साथीच्या रोगावरच्या लशीनंतर कोंबड्या दोन-चार दिवस शिंकतात, मलूल होतात. मुकादम अशा वेळी पिण्याच्या पाण्यात पिवळी पावडर मिसळायचा, जंतू मारायची. कोंबड्या सावरायच्या. पुतळीबाय स्वतंत्रपणे शेडांवर जाऊ लागली तेव्हा ही पावडरही तिच्याबरोबर गेली. काम संपलं, हात धुतले, चहा झाला, की फाटकाशी चपला घालता घालता ती घरच्या बाईला सांगायची, "तीन दिस पाण्यातून पावडर दे गो. इसरू नको." मानमोडी हा वेगळ्या जातीचा रोग, त्याच्या लशीला त्या पावडरीने धक्का लागत नाही. त्यामुळे इतकी वर्षं हे वाक्य कधी कुणाला नडलं नाही. उलट पुतळीबायचा थेंब आणि पुतळीबायची पावडर ही जोडीच होऊन बसली. निम्मा हातगुण त्या पावडरीचाच, असं तिलाही वाटायचं.

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावाच्या पुढे, कुंडलिका नदीच्या अंगाला रशिदाची शेड होती. मानमोडीचे थेंब टाकायला तिथेही पुतळीबायच जायची. रशिदाचा नवरा अब्बास कतारला. दोन वर्षांतून एकदा यायचा. त्याने पाठवलेल्या पैशांतून घरापुढे संगमरवर बसवावा असं त्याच्या धाकट्या भावाचं, फैजलचं म्हणणं होतं. रशिदाने हट्टाने अंड्यांच्या कोंबड्यांची शेड बांधली. घरात सासू नाही, मूल नाही, दिवसभर भिंतींकडे बघत बसायचं, त्यापेक्षा हे बरं, असं ती म्हणायची. पहिल्या वर्षी कोंबड्या अंड्यांवर आल्या आणि सगळी शेड घोरायला लागली. या रोगाला घरघर म्हणतात. पोल्ट्रीवाले तिला सीआरडी म्हणतात. कोंबडी पटकन मरत नाही. नाक गळतं, डोळ्यात फेस येतो, छाती घुरघुरते, आणि अंडी निम्म्यावर येतात. अब्बास फोनवर म्हणाला, "अजून एक खेप कर. पुन्हा हेच झालं तर शेड फैजलला दे, तो तिथे सिमेंट ठेवील." रशिदाने दुसऱ्या खेपेची पिल्लं आणली ती असा शब्द देऊन.

त्याच सुमाराला, शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात, पेणचा अमोल डॉक्टर घरघरीवरची नवी लस घेऊन आला. तरुण पोरगा, पण समजावून सांगायची हौस दांडगी. त्याने पुतळीबायला दुकानात बसवून बाटली दाखवली.

"मावशी, ही आपल्या मानमोडीच्या लशीसारखी नाही. ह्यात त्या घरघरीचेच जिवंत जंतू आहेत, पण माणसाळलेले. ते कोंबडीच्या घशात जाऊन राहिले पाहिजेत. एकदा त्यांनी घर केलं, की बाहेरच्या रानटी जंतूला आत जागा मिळत नाही."

"म्हंजे आपणच भाडेकरू ठेवायचा, म्हंजे दुसरा घुसत नाय," पुतळीबाय म्हणाली.

डॉक्टर खूश झाला. "अगदी बरोबर. आणि म्हणूनच तुमची ती पिवळी पावडर बंद. आधी एक आठवडा, नंतर दोन आठवडे. पावडर जंतू मारते. कुठला माणसाळलेला आणि कुठला रानटी, हे तिला कळत नाही. भाडेकरूच मेला तर घर रिकामं."

तिने मान डोलावली. तिने ऐकलं होतं, तिला कळलंही होतं. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे कुणी म्हणेल की अडाणी बाई, तिला काय समजणार. तिला सगळं समजलं होतं.

पहिले तीन दिवस वडखळच्या मोठ्या पोल्ट्रीवर गेले. तिथे डॉक्टर स्वतः उभा होता, पावडरीचा विषयच निघाला नाही. वैशाखाचं ऊन, पत्र्याची शेड, खाली तापलेला भुसा, नाकातोंडात पिसांची धूळ. तीन दिवसांत तिच्या हाताखालून किती हजार कोंबड्या गेल्या कोण जाणे. रात्री झोपली तरी बोटं आपोआप मिटायची. चौथ्या दिवशी पहाटे उठून तिने बाजारातून बर्फ घेतला, लशीच्या बाटल्या थर्मासमध्ये ठेवल्या आणि नागोठण्यावरून जाणाऱ्या एसटीने रोहा गाठलं. त्या दिवशी खरं तर तिने जायला नको होतं. पण लस आणलेली, तलंगा, म्हणजे अजून अंड्यांवर न आलेल्या कोंबड्या, दहा आठवड्यांच्या झालेल्या, रशिदा वाट बघत असलेली. नाही म्हणायची सवय तिला कुणी लावलीच नव्हती.

रशिदा धरून देत होती, पुतळीबाय थेंब टाकत होती. एकही तलंग कोरी राहिली नाही. दुपारी तीनला काम संपलं. हात धुतले, चहा झाला. फाटकाशी वाकून चपलेचा अंगठा शोधताना कंबरेतून कळ गेली आणि तिच्या तोंडून पंधरा वर्षांचं वाक्य निघून गेलं.

"तीन दिस पाण्यातून पावडर दे गो. इसरू नको."

आपण काय बोललो हे तिला ऐकूसुद्धा आलं नाही. रशिदा क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, मग "बरं" म्हणाली. पुतळीबाय एसटीत बसली ती पेण येईपर्यंत झोपलेली होती.

श्रावणात तलंगा अंड्यांवर आल्या. पहिली छोटी अंडी रशिदाने शेजारीपाजारी वाटली, चार पुतळीबायलाही पाठवली. आणि पंधरा दिवसांत निरोप आला की शेड घोरतेय.

मंगळवारी पुतळीबाय डॉक्टरबरोबर गेली. शेडच्या दारातच तिला तो आवाज आला. बाराशे कोंबड्या, आणि बाहेरच्या पावसाच्या वर ती घुरघुर ऐकू येत होती. डॉक्टरने मेलेली एक कोंबडी कापून दाखवली. श्वासाच्या पातळ पिशव्या काचेसारख्या असायला हव्यात, त्या साय धरल्यासारख्या जाड, पिवळट झाल्या होत्या. तो हात पुसत उठला.

"तीच बॅच, तीच लस, तोच हात. वडखळच्या कोंबड्या ठणठणीत आहेत. मग इथेच का?" त्याने रशिदाला विचारलं, "भाभी, लशीच्या आधी किंवा नंतर काही औषध दिलं होतं? पावडर वगैरे?"

तेव्हा, त्या क्षणी, पुतळीबायला आपलं वाक्य आठवलं. फाटक आठवलं, चप्पल आठवली, कंबरेतली कळ आठवली.

"नाही," रशिदा म्हणाली. "काहीच नाही दिलं."

पुतळीबायला वाटलं, बिचारीला पावडर म्हणजे औषध हेच ठाऊक नसेल. थेंबाबरोबर पावडर ही आलीच, तिला वेगळं औषध कोण म्हणणार? आता आपण तोंड उघडायचं. तिने उघडलंही. पण तेवढ्यात दारात येऊन उभा राहिलेला फैजल म्हणाला, "डॉक्टर, लशीत खोट नाही ना? मग शेड नीट ठेवली नाही, हेच ना? भाईजानचा शुक्रवारी फोन आहे. मी सांगतो त्याला. बायकांचं काम नाही हे."

डॉक्टर म्हणाला, "हवा कोंदट आहे, हे खरं. पावसाचे पडदे दिवसभर सोडून ठेवले असतील." रशिदाने मान खाली घातली. पडदे तिने कधीच दिवसभर सोडले नव्हते. आणि पुतळीबाय, जिच्या हातून पंधरा वर्षं कोंबडी कोरी राहिली नाही, ती बाई तिथे गप्प उभी राहिली. आता सांगू, मग सांगू, असं करत डॉक्टरच्या स्कूटरवर मागे बसली आणि रोह्याच्या एसटी स्टँडवर उतरलीसुद्धा.

मला तिची बाजू घ्यायची नाही. पण गप्प राहायला कपटच लागतं असं नाही. कधी कधी माणूस इतका दमलेला असतो, की खरं बोलणं हे आणखी एक काम वाटतं.

घरी तिने गुणाजीला सांगितलं. तो जाळं विणत बसला होता. त्याने सुई थांबवली नाही.

"बोललीस तर उद्या कोन बोलवील तुला?"

"कोन नाय."

"मंग नको बोलू."

त्याने ताटात भात वाढला, वर माशाचं कालवण घातलं. तिने एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. बुधवारीही तसंच झालं. गुरुवारी गुणाजी वैतागून म्हणाला, "अगो, आता बोलून तरी टाक. तुझं उष्टं ताट मी किती दिस खाऊ? माझं पोट सुटाया लागलं." आणि मग हसणं आवरून म्हणाला, "जा. मी हाय ना गिरनीवर. उपाशी नाय मरनार आपण."

शुक्रवारी सकाळी ती आधी डॉक्टरच्या दुकानात गेली. काउंटरशी उभी राहूनच म्हणाली, "पावडर मीच द्यायला लावली. रशिदाभाभीची चूक नाय. सवयीनं बोलून गेलो मी."

डॉक्टरला राग आला होता हे दिसत होतं, आणि तो राग तिच्यावर काढता येत नव्हता हेही.

"मावशी, मी सांगितलं होतं तुम्हाला."

"व्हय. सांगितलं होतंत."

"ही लस आता मी तुमच्या हातात देऊ शकत नाही. निदान सध्या तरी."

"नका देऊ," ती म्हणाली, आणि रोह्याची एसटी पकडायला निघाली.

अब्बासचा फोन जुम्म्याच्या नमाजानंतर अष्टमीतल्या एका किराणा दुकानात यायचा. पुतळीबाय पोचली तेव्हा रशिदा दुकानाच्या फळीवर डोक्यावरची ओढणी आवळून बसली होती आणि फैजल रिसीव्हर कानाला लावून बोलत होता. कोंदट हवा, पडदे, डॉक्टर असं म्हणाला, सिमेंटवाला तयार आहे. पुतळीबायने हात पुढे केला.

"दे इकडं."

"काय?"

"फोन दे. मना बोलायचं हाय त्याच्याशी."

तिचा आवाज मोठा नव्हता. पण फैजलने दिला. तिने आयुष्यात फोन धरलेला नव्हता, उलटा धरला, दुकानदाराने सुलटा करून दिला. सगळं दुकान ऐकत होतं. साखर घ्यायला आलेल्या बायका ऐकत होत्या, त्यातल्या दोघींच्या शेडवर पुतळीबायच जायची.

"मी पुतळी, पेनची. डोस देनारी. तुझ्या बायकोची काय चूक नाय रे बाबा. शेड तिनं पोरासारखी ठेवली. चूक माझी हाय. पावडर द्यायची नव्हती, मी देवाया लावली. लस मेली. डाक्टरला इचार. शेड बंद करू नको."

पलीकडून अब्बासचा आवाज आला, लांबून, घोगरा.

"बाय, हे माझ्या भावासमोर बोलतेस?"

"सगळ्यांसमोर बोलतो."

"रशिदाला दे."

रशिदाने रिसीव्हर घेतला आणि पाठ फिरवली. "जी," म्हणाली. पुन्हा "जी." मग नुसती मनगटाने डोळे पुसत राहिली. शेवटी म्हणाली, "नाही, आता औषध चालू आहे. निम्मी तरी अंडी येतील. पुढची पिल्लं दिवाळीनंतर आणीन." फैजल दुकानाबाहेर पडला. साखर घ्यायला आलेल्या बायका पुतळीबायकडे न बघता पिशव्या उचलून गेल्या. त्यांच्या शेडचं बोलावणं आता येणार नाही, हे तिला त्यांच्या पाठीवरून कळलं.

दोघी नदीवरच्या पुलापर्यंत बरोबर चालत आल्या. पाऊस थांबला होता, कुंडलिकेला लाल पाणी होतं. पुतळीबायची कंबर धरली होती. ती कठड्याला टेकून उभी राहिली.

"भाभी, मी तुझं वाटोळं करनार होतो गो. तुला पावडर म्हंजे औषध हे ठावं नव्हतं, म्हनून तू डाक्टरला नाय म्हनालीस. आनि मी मुकाट ऐकत बसलो."

रशिदा पाण्याकडे बघत म्हणाली, "मला ठावं होतं."

"काय?"

"डॉक्टरने लशीबद्दल आधीच चिठ्ठी पाठवली होती, मराठीत लिहून. तू यायच्या आधीच मी वाचली. पावडर देऊ नका, दोन आठवडे. खाली दोन रेघा मारल्या होत्या."

पुतळीबायला काही समजेना. "मंग? मंग दिलीस कशाला?"

"तू सांगितलंस म्हणून. इतकी वर्षं तू सगळ्यांना हेच सांगतेस. म्हटलं, चिठ्ठीत काहीही असो, पुतळीबायला कोंबड्या कळतात. आणि डॉक्टरला खरं सांगितलं असतं, तर तुझं काम गेलं असतं."

"अगो, पन इचारायचं तरी! तिथंच, फाटकात. पुतळे, चिठ्ठीत असं लिवलंय, तू असं कसं सांगतेस, एवढं तरी बोलायचंस!"

"बोलणार होते," रशिदा म्हणाली. "तोंडावर आलं होतं. पण तू किती दमली होतीस, पुतळीबाय. चप्पल सापडत नव्हती तुला. म्हटलं, आता हिला कुठे अडवू. जाऊ दे बिचारीला घरी."

आपण दमतो हे कुणाला दिसत नाही, असं पुतळीबायला इतकी वर्षं वाटत आलं होतं. नवऱ्याला दिसत नव्हतं, डॉक्टरला दिसत नव्हतं, शेडवाल्यांना तर नाहीच. आणि जिला दिसलं, तिने मायेने तोंड मिटून घेतलं होतं. तिला रशिदाचा राग आला, स्वतःचा आला, आणि मग एकदम असं रडू फुटलं की पुलावरून जाणारा सायकलवाला उतरून चौकशी करायला लागला. रशिदाने त्याला हाताने जा म्हटलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

रडणं ओसरल्यावर तिने पदराने नाक पुसलं.

"दिवालीनंतर पिल्लं आनशील ना?"

"आणीन. आणि थेंब तूच टाकायचा. डॉक्टरशी मी बोलते."

"मंग त्या टायमाला अडव गो मला," पुतळीबाय म्हणाली. "कितीबी दमलेली असलो तरी अडव."